भिंतीकडची बाजू

"शी!"

हा शब्द चिमट्याच्या तोंडून दिवसभरात किती वेळा निघायचा, त्याला गणती नव्हती. चहावर साय धरली, शी. कुणी जांभई देताना तोंडावर हात धरला नाही, शी, आणि ते उघडं तोंड मग झोपेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. नाकाने कांदे सोलणारा माणूस! जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, धुळीच्या कणाशी उभं वैर धरलं, आणि दुकान बंद केल्यावर तेच वैर बरोबर घेऊन जहाजवाल्यांच्या मंडळात दाखल झाला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक चिमटा असायचा, म्हणून नाव पडलं चिमटा. खरं नाव उरलं होतं ते फक्त विजेच्या बिलावर.

मंडळ म्हणजे घरात नको झालेली म्हातारी माणसं, असं त्यांच्या बायका म्हणायच्या. जुन्या काळची शिडांची जहाजं ही मंडळी लाकडातून हातभर लांबीची घडवायची. डोलकाठ्या, शिडं, नांगर, आणि सगळ्यात जीव खाणारं काम म्हणजे दोर. खऱ्या जहाजावर जेवढे दोर, तेवढे सगळे ह्या हातभर जहाजावरही हवेत, आणि त्याच मापात बारीक हवेत. मंडळाच्या दारातच काचेचं कपाट होतं. ज्या कामात खोट नाही तेच जहाज त्या कपाटात जायचं, खाली बनवणाऱ्याचं नाव. खोट आहे की नाही ते ठरवायचा चिमटा. वाईटपणा घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि ह्याला वाईटपणाची हौसच होती म्हणा ना.

आणि ह्या असल्या माणसाचा जिवलग मित्र कोण असावा? डिंक्या!

डिंक्या म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला आडदांड गडी. डोकं तुळतुळीत, पंजे सुपाएवढे, हसला की खिडक्यांची तावदानं वाजायची. जहाजावर प्रेम जिवापाड, पण हात सगळा गोंदाचा. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना जे आधाराचे दोर असतात, त्यांच्यावर आडवे दोर बांधून खलाशांसाठी शिडी करतात. त्या शिडीची एकेक गाठ दोऱ्याला दोन वेढे देऊन हाताने मारायची, वरून मेणाचा हात फिरवायचा, बस्स. नीट मारलेली गाठ आपली आपण धरते. पण डिंक्याला धीर कुठला! अर्धीमुर्धी गाठ मारायची आणि वर झटपट गोंदाचा थेंब सोडायचा. थेंब वाळला की गाठीचा टणक गोळा, त्यावर पांढरट बुरशीसारखी पूड, आणि दोऱ्याची लव सगळीकडून उभी. चिमट्याला ते बघून खरोखर मळमळायचं.

"अरे, हेच शंभरपट मोठं करून बघ," तो ओरडायचा. "खलाशी शिडी चढतोय आणि पायरीपायरीला भोपळा लटकतोय!"

"मग उपाशी तरी मरणार नाही बिचारा," डिंक्या म्हणायचा आणि तावदानं वाजायची.

दर प्रदर्शनाला डिंक्या जहाज घेऊन यायचा, चिमटा भिंग लावून बघायचा, 'शी' म्हणायचा, आणि डिंक्या हसत हसत ते जहाज काखोटीला मारून घरी न्यायचा. वर्षानुवर्षं हेच. पण मागच्या खेपेला चिमट्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. सगळ्या मंडळासमोर तो म्हणाला, "ह्या गाठी नाहीत, शेंबूड आहे शेंबूड! कुणीतरी नाक पुसा ह्या जहाजाचं!"

सगळे हसले. डिंक्या तेवढा हसला नाही. कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "पुढचं जहाज गोंदाचा थेंब न लावता उभं करीन, चिमट्या. तुझ्या ह्या कपाटात बसवून दाखवीन. नाही बसवलं तर मला बस चालवायला येत होती असं कुणाला सांगणार नाही."

त्यानंतर तो मंडळात फिरकला नाही. चिमट्याने फोन केला की वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, "बाहेर गेलेत, भावजी." रुसलाय म्हातारा, रुसू दे, असं चिमटा स्वतःशी म्हणत राहिला. आणि एक दिवस फोन आला तो डिंक्या गेल्याचाच. आजारी होता, बरेच महिने अंथरुणाला खिळून होता, आणि त्याने कुणालाही कळवू दिलं नव्हतं. अंत्यविधीला चिमटा मागे उभा राहिला. माणसं रडत होती. हा दात आवळून उभा होता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ह्या माणसाने आयुष्यभर एका कपाटाची आस धरली, आणि कपाटाच्या दारात जन्मभर आडवा पडलो तो मी.

म्हणून वहिनींचा निरोप आला तेव्हा तो चिमटा, भिंग आणि मेणाचा खडा घेऊन तडक निघाला. जहाज अर्धवट राहिलंय, पुरं कराल का, असा निरोप होता. त्याने मनाशी ठरवून टाकलं. हे जहाज कपाटात जाणार. डिंक्याचं नाव लागणार. पण मेहेरबानी म्हणून नाही हं! खोट राहणार नाही इतकं चोख करून जाणार. ही एकच गोष्ट आता त्याच्या हातात होती, आणि तीही हुकली तर डिंक्याचं नाव मंडळात 'शेंबूड' ह्याच शब्दाबरोबर राहणार होतं.

वहिनींनी दार उघडलं. त्या बेकरीत भट्टीवर काम करायच्या. दुपारच्या पाळीला निघायच्या घाईत होत्या, अंगावर पांढरा कोट, वेणीचा अंबाडा घाईघाईने घातलेला, बोटं भाजून भाजून जाड झालेली.

"वरचं तेवढं राहिलंय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं झालंय. तुम्ही आधी नीट बघा. बघून मला सांगा." एवढं बोलून त्या क्षणभर थांबल्या, आणखी काही बोलणार होत्या, पण तोंड मिटून निघून गेल्या.

खोलीत पाऊल टाकलं आणि चिमट्याने रुमाल नाकाला लावला. औषधाचा, घामाचा आणि गोंदाचा मिळून एक वास भिंतींत मुरला होता. टेबल भिंतीपासून चार हात अलीकडे, खोलीत मध्येच. त्यावर चमचा, चमच्यात वाळलेलं गुलाबी औषध. बिस्किटाचा चुरा. चघळून टोक केलेले दोऱ्याचे तुकडे. आणि गोंदाची बाटली! तिच्या तोंडावर गोंद उतू जाऊन पिवळट खपल्या धरलेल्या, एखाद्या न धुतलेल्या जखमेवर धरतात तशा. टेबलाच्या पलीकडे, भिंतीलगत, फरशीवर चार मळकट डाग होते. पुसायलाही कुणाला सुचलं नाही, असं मनात म्हणून चिमट्याने मान फिरवली.

आणि मग जहाजाकडे बघितलं.

बघितलं आणि रुमाल नाकावरून खाली आला. जहाजाची उजवी बाजू त्याच्याकडे होती. आधाराचे दोर ताणलेल्या तारेसारखे सरळ. त्यांच्यावरच्या पायऱ्या एकसारख्या. त्याने भिंग लावलं. गाठ न् गाठ दोन वेढ्यांची, आवळून बसलेली, वर मेणाची चकाकी. गोंद नाही. लव नाही. हे सुपाएवढ्या पंज्यांचं काम? चिमटा खुर्चीत बसला. गड्याने शब्द पाळला होता तर!

आता दुसरी बाजू बघावी म्हणून त्याने जहाज अलगद फिरवलं. "शी!"

ही बाजू भिंतीकडे होती. आणि ह्या बाजूला, अहो काय सांगायचं, नुसता उकिरडा होता! गाठीगाठीला गोंदाचे गोळे. काही गाठी तर गाठीच नव्हत्या, दोरा नुसता गुंडाळून वर गोंद ओतलेला. पायऱ्या वाकड्यातिकड्या, कुठे दोन जवळ, कुठे तिसरी लांब. एका दोरावर वाळलेल्या पिठाचा खडा चिकटलेला. बसला असेल खात खात काम करत. आणि एका गोळ्यात, गोंदात अडकून पडलेला, लांबलचक पांढरा केस. चिमट्याने तो चिमट्यात धरून उपटला तेव्हा त्याच्या अंगावर शहारा आला. जेवणात केस निघावा तसं झालं त्याला. ब्रशाचा असेल नाहीतर मांजराचा, एवढं मनात आलं आणि त्याने तो झटकून टाकला.

मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कपाटात जहाज ठेवलं की एक बाजू लोकांकडे असते आणि एक भिंतीकडे. भिंतीकडची बाजू कोण बघतंय? कोणी नाही! डिंक्याने बरोबर हिशेब मांडला होता. पुढची बाजू चोख, मागे सगळी घाण. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि शपथ कसली घेतली होती गड्याने, तर गोंदाचा थेंब न लावण्याची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; ह्याची मेल्यावरही गेली नव्हती. निदान आधीची जहाजं प्रामाणिकपणे घाणेरडी होती. दोन्ही बाजूंनी सारखी. ही तर फसवणूक होती, आणि ती कुणाची? चिमट्याचीच! चिमटा भुलेल, चिमटा मागे वळून बघणार नाही, असं वाटलं ह्याला?

"हलकट," तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या खोलीत ते फार मोठ्याने ऐकू आलं. "मेल्यावर तरी लाज बाळगायचीस."

आणि तरीही कपाटात तूच जाणार, असं म्हणून त्याने कात्री उचलली. ही घाण ठेवून नाही. पहिला दोर कापला तेव्हा गोंदाचा गोळा टचकन टेबलावर उडाला आणि घरंगळत त्याच्या मनगटाला लागला. त्याने मनगट पुसलं. मग तो थांबला नाही. खालून वर, एकेक पायरी, एकेक गोळा. लाकडाला चिकटलेला गोंद नखाने खरवडला. नखांत पांढरी पूड भरली, तिचा वास बोटांना लागला, तोंडात कडवट पाणी आलं. एका ठिकाणी गोंदात बोटाचा ठसा उमटला होता. जाड, मधोमध भाजल्याचा व्रण असलेला. त्याच्याकडे चिमट्याने बघितलं सुद्धा नाही. बघवलंच नाही त्याला. सगळा कचरा गोळा केला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात, चहाच्या ओल्या चोथ्यावर, नेऊन टाकला. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. आल्यावर जहाजाकडे पाहिलं. एक बाजू सजलेली, दुसरी बोडकी. आता कसं, स्वच्छ वाटलं त्याला. नव्या दोऱ्याला मेण लावत बसला आणि चक्क शीळ घालू लागला.

वहिनी परतल्या तेव्हा उन्हं कलली होती. हातात गरम पावांची पिशवी. दारातूनच म्हणाल्या, "बघितलंत?"

"बघितलं," चिमटा म्हणाला. "मित्र होता म्हणून जास्त बोलत नाही, वहिनी. पण ती मागची बाजू... किळस आली मला. सगळी काढून टाकली. आता बघा, मी अशी..."

पिशवी टेबलावर ठेवता ठेवता वहिनींचा हात तसाच राहिला. त्यांनी जहाजाच्या बोडक्या अंगाकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग खाली फरशीकडे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या, खुर्ची जवळ होती तरी फरशीवरच बसल्या, भिंतीलगत, त्या मळकट डागांच्या मधोमध.

"कुठे टाकलंत?" त्यांनी विचारलं.

"डब्यात."

"चोथ्यावर?"

चिमट्याने मान डोलावली. त्याला काही कळत नव्हतं.

"ती बाजू माझी होती, भावजी," वहिनी म्हणाल्या. "उजवी बाजू त्यांनी केली. एकेक गाठ सोडायचे आणि पुन्हा मारायचे. गोंद घरात ठेवला नव्हता. ती बाजू झाली आणि हातच गेले. चमचा धरवेना, दोरा कुठला धरणार! मग म्हणाले, आता तू बांध, मी सांगतो तसं. मला येतं होय? ही बोटं बघा. भट्टीवर भाजून ह्यांना गरम-थंडसुद्धा कळत नाही, त्यात तो केसाएवढा दोरा. गाठ मारली की सुटायची. मी रडायला लागले. तेव्हा तेच म्हणाले, जा, दुकानातून गोंदाची बाटली आण. मी शपथ घेतली होती, तू नाही घेतलीस."

"पण भिंतीकडे..." चिमट्याच्या तोंडून अर्धंच निघालं.

"भिंतीकडे पलंग होता," वहिनींनी फरशीवरच्या डागांवर हात ठेवला. "हे त्याचे पाय. टेबल असंच अलीकडे ओढलेलं असायचं आणि मी पलंगाच्या कडेला बसायची, त्यांच्या उशाशी. त्यांना ती बाजू दिसायची. तेवढीच दिसायची. गेल्यावर पलंग तेवढा काढला."

पांढरा केस. पिठाचा खडा. बोटाचा ठसा. सगळं डोळ्यांसमोर होतं, भिंगाखाली होतं, आणि ह्या शहाण्याला दिसली ती फक्त घाण.

"मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर..."

"तर तुम्ही छान म्हणाला असता. म्हणूनच तर कुणाला कळवू दिलं नाही त्यांनी. म्हणायचे, आजारी म्हणून कीव करतील आणि कपाटात ठेवतील. मला तसं नको." वहिनींनी पदर नव्हता म्हणून कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "मी म्हटलं, अहो, माझी बाजू बघून भावजी भडकतील. तर हसले. म्हणाले, भडकेल, नाक मुरडेल, शिव्या देईल. पण तोडणार नाही. दुसऱ्याच्या हाताचं काम चिमटा तोडत नाही."

चिमट्याला पुन्हा ती मळमळ आली, पण ह्या खेपेला ती कुठल्या गोंदाची नव्हती. स्वतःच्या धुतलेल्या हातांची त्याला किळस आली. लख्ख, साबणाचा वास येणारे हात! बैल गेला आणि झोपा केला. तो उठून स्वयंपाकघरात गेला, डब्याचं झाकण काढलं, आणि ज्या माणसाला चहावरची साय चालत नव्हती त्याने कोपरापर्यंत हात चोथ्यात घातला. दोऱ्याचे तुकडे निघाले, काळेनिळे, लगदा झालेले. कशाचाच उपयोग नव्हता. तरी तो ते बशीत गोळा करत राहिला.

"राहू द्या ते," मागून वहिनी म्हणाल्या. "या इकडे. दोर ताणून धरा. मी बांधते."

त्या टेबलाच्या भिंतीकडच्या अंगाला खुर्ची ओढून बसल्या. चिमट्याने नवा दोर डोलकाठीवरून खाली आणला आणि दोन बोटांत ताणून धरला. वहिनींनी पहिली आडवी पायरी घेतली, वेढा दिला. सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला. चिमट्याचे हात शिवशिवत होते. डोळे मिटून मारली असती त्याने ती गाठ. जीभ दाताखाली धरून तो बसला. वहिनींनी त्या खपल्या धरलेल्या बाटलीचं टोपण काढलं. तो वास आला. थेंब गाठीवर पडला, फुगला, आणि दोरावरून ओघळत चिमट्याच्या बोटापर्यंत आला.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या. "वाळू दे."

तो हलला नाही. बोट दोराला चिकटलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. त्यांची बाजू कशी आहे?"

"चोख," तो म्हणाला. "खोट काढायला जागा नाही, वहिनी."

हातातल्या गाठीकडे बोट दाखवून वहिनींनी विचारलं, "आणि ही?"

चिमट्याने पाहिलं. वाटाण्याएवढा गोळा, वर पांढरी पूड धरायला लागलेली, आणि मधोमध, ओल्या गोंदात, अंबाड्यातून सुटलेला एक पांढरा केस. त्याचे डोळे भरून आले. 'छान' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता.

"शी," तो म्हणाला. "घाण आहे. कपाटात नाही जायची."

वहिनी हसल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच असेल. "जाऊ दे कपाट," त्या म्हणाल्या. "दुसरा दोर धरा."

पण चिमट्याचं बोट अजून सुटलं नव्हतं.